जंगलातली नोकरी आणि आमची लेक

२०२२च्या मे महिन्यात आमच्या थोरल्या मुलीच्या मोबाइलवर नेमणूकपत्र आले. चंद्रपूरचे ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी कूलरसमोर सगळे घर एका खोलीत जमलेले असते. तिने पत्र मोठ्याने वाचून दाखवले. एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या विभागीय कार्यालयात नोकरी. काम माता आणि नवजात बालकांच्या आरोग्याचे, मुक्काम गडचिरोली जिल्ह्यातील अहेरीला, करार तीन वर्षांचा. पत्र संपले आणि दादींनी एकच प्रश्न विचारला, "मुलीला जंगलात पाठवणार?"

आम्ही दोघेही काही बोललो नाही, कारण प्रश्न आमच्याही मनात तोच होता. या लेखात संस्थेचे नाव देत नाही, मुलीचेही देत नाही. पण ज्या घरांत एमएसडब्ल्यू, नर्सिंग किंवा आरोग्यशास्त्र शिकलेली मुले-मुली आहेत आणि उद्या असेच पत्र येऊ शकते, त्या घरांसाठी आमच्या तीन वर्षांचा हिशेब मांडावा असे वाटले.

रस्ता ओळखीचा, गाव अनोळखी

आमच्यापैकी एकाची नोकरी एसटीत गेली. चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, सिरोंचा हा रस्ता वळणावळणासह पाठ. कुठे साग दाट, कुठल्या नाल्यावर पावसात गाडी थांबते, हेही पाठ. तरीही मुलीने एकदा विचारले, "अब्बू, या थांब्यांवर उतरणारी माणसे पुढे कुठे जात होती?" तेव्हा उत्तर नव्हते. एवढी वर्षे तिकिटे फाडली, पण थांब्याच्या पुढे कधी गेलो नाही.

गडचिरोली हा पूर्वी आपल्याच चंद्रपूरचा भाग. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो वेगळा जिल्हा झाला. बारा तालुके, बहुतेक भूभाग जंगलाचा, आणि रेल्वे म्हणाल तर वर्षानुवर्षे फक्त देसाईगंज-वडसा स्थानकापुरती. उत्तरेला गोंडी आणि छत्तीसगढी, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली. मराठी ही तिथे अनेकांची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे. मुलीला पहिल्या महिन्यात उमगले की आपल्या पदवीपेक्षा सोबत येणारी माडिया बोलणारी आशाताई जास्त उपयोगाची आहे.

बाहेरून आलेले हात

परदेशी संस्था आणि आपला जंगल मुलूख यांचे नाते आजचे नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९५१च्या सुमारास मूठभर कुष्ठरुग्णांना सोबत घेऊन आनंदवन उभे केले. त्या काळात कुष्ठरोग्याच्या हाताचे पाणीसुद्धा लोक पीत नसत. अशा ठिकाणी पन्नासच्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संघटनेचे परदेशी तरुण येऊन राहिले आणि रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी बांधकाम केले. ही संघटना पियेर सेरेसोल या स्विस गृहस्थांनी १९२० साली पहिल्या महायुद्धानंतर सुरू केली होती. युद्धात उद्ध्वस्त झालेली गावे पुन्हा बांधणे हे तिचे पहिले काम. १९३४च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः भारतात आले होते. आनंदवनात आलेल्या त्या तरुणांनी विटा वाहिल्या. त्यांच्यामुळे आसपासच्या लोकांची भीतीही थोडी कमी झाली. परक्या देशाची मुले इथे राहतात, जेवतात, मग आपण का घाबरायचे?

पुढे २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले तेव्हा ना रस्ता होता ना वीज. तिथल्या छोट्या दवाखान्याच्या इमारतीला १९७५च्या सुमारास 'स्विसएड' या स्विस संस्थेने आर्थिक मदत केली. पैसा बाहेरचा होता, पण राहणारी माणसे तिथेच राहिली. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्या वास्तव्याला तीन दशकांहून अधिक काळ झाला होता.

तिसरे उदाहरण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे. १९८६पासून ते गडचिरोलीत आहेत. गावातल्याच साध्या शिकलेल्या बायकांना त्यांनी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, बाळ गरम ठेवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देणे. १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास छापून आला. ज्या ३९ गावांत हे काम झाले तिथे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे 'सेव्ह द चिल्ड्रन' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मदतीने महाराष्ट्रातील आणखी काही ठिकाणी ही पद्धत पडताळून पाहिली गेली. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्या कार्यक्रमाचे मूळ गडचिरोलीच्या या गावांत आहे. म्हणजे इथे ज्ञान फक्त बाहेरून आलेले नाही, इथून बाहेरही गेले आहे. ही गोष्ट मुलीने दादींना समजावून सांगितली. दादी म्हणाल्या, "म्हणजे तू शिकवायला नाही, शिकायला चाललीस." परवानगी मिळाली ती या वाक्यावर.

विभागीय कार्यालय म्हणजे काय

नाव मोठे आहे, पण जागा म्हणजे भाड्याचे तीन खोल्यांचे घर. एका खोलीत समन्वयक, दुसरीत हिशेबनीस, तिसरीत वजनकाटे, ब्लँकेटे, नोंदवह्यांचे गठ्ठे. दारात एक भाड्याची बोलेरो. वीज गेली की मोबाइलच्या उजेडात काम. त्यावर राज्याचे कार्यालय, त्यावर दिल्लीचे, आणि त्याहीपलीकडे परदेशातला देणगीदार.

महिन्याच्या सुरुवातीला दौऱ्याचा आराखडा द्यायचा, शेवटी अहवाल. गाडीचे लॉगबुक, चहाच्या पावतीपासून डिझेलच्या बिलापर्यंत प्रत्येक कागद. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली ती पावत्यांची पिशवी घेऊनच. एका खेड्यातल्या हॉटेलवाल्याने पावती दिली नव्हती, म्हणून ऐंशी रुपये तिने स्वतःच्या खिशातून भरले. आम्हाला ते अती वाटले. ती म्हणाली, "अम्मी, हा पैसा कुणीतरी बाळांसाठी दिलाय. माझ्याकडे ती अमानत आहे." अमानत हा शब्द तिने आमच्याकडूनच शिकला होता, त्यामुळे पुढे बोलायला जागा राहिली नाही.

परदेशी पैशावर आपल्याकडे कायद्याचे कडक बंधन आहे, तेही पालकांनी समजून घ्यावे. विदेशी अंशदान (विनियमन) कायदा २०१०चा आहे आणि २०२० साली त्यात मोठा बदल झाला. परदेशी देणगी आता फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारता येते. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मोठी संस्था पैसा आणी आणि तालुक्यातली छोटी संस्था काम करी. ती साखळी तुटली. हिशेब चोख हवा याबद्दल दुमत नाही. पण गावाजवळच्या छोट्या संस्थांचे हात त्यामुळे आखडले, हेही खरे.

"तुमचे देव किती?"

सगळ्यात जास्त प्रश्न आम्हाला नातेवाइकांनी विचारले ते खाण्यापिण्याचे, नमाज-रोज्याचे आणि सुरक्षिततेचे. त्याबद्दल मोकळेपणाने सांगतो.

खाण्याची अडचण आली नाही. गावात भात, डाळ, अंबाडीची भाजी मिळते. ती मांस खात नाही एवढे एकदा सांगितल्यावर पुन्हा कुणी आग्रह केला नाही. सणाला मोहाची दारू समोर आली तेव्हा तिने हात जोडले, तर घरच्या म्हातारीने ताकाचा पेला आणून ठेवला.

२०२४चा रमजान मार्च-एप्रिलमध्ये आला, म्हणजे ऐन मोहफुलांच्या दिवसांत. मोह वेचायला बायका पहाटे अंधारात उठून जातात. मुक्कामाच्या गावात सेहरीसाठी उठलेली एकटी आपणच असू असे तिला वाटले होते. बाहेर पाहते तर प्रत्येक अंगणात हालचाल. शेजारीण टोपली घेऊन निघताना म्हणाली, "तूही उठलीस? चल." त्या दिवशी सेहरी आणि फज्र आटोपून ती मोहाच्या झाडाखाली गेली. बाळंतपणाच्या ज्या गोष्टी बायका बैठकीत कधी बोलल्या नसत्या, त्या तिथे बोलल्या.

आणि एक गंमत. गोंड समाजात कुळे देवांच्या संख्येवरून ओळखतात. चार देवांचे, पाच देवांचे, सहा, सात. एका आजीने तिला विचारले, "तुमचे देव किती?" ती म्हणाली, "एक." आजी विचारात पडली. समान देवांची माणसे भाऊबंद होतात, त्यांच्यात सोयरिक होत नाही. "सगळ्यांचा एकच देव, मग तुम्ही लग्ने कुणाशी लावता?" दादींना हा किस्सा सांगितला तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नंतर म्हणाल्या, "बाई हुशार आहे."

सुरक्षिततेचे म्हणाल तर आम्ही निर्धास्त कधीच नव्हतो. नक्षलवाद आणि पोलीस कारवाया यांच्या बातम्या वाचून आमची रात्र जात असे. पण संस्थेचे नियम स्पष्ट होते. अंधार पडल्यावर प्रवास नाही, दौरा आधी कळवायचा, पोलिसांच्या किंवा कुणाच्याही गाडीत बसायचे नाही, कुणाबद्दल कुणाला माहिती द्यायची नाही, आणि गावात जायचे ते गावाला विचारून. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने ही शेवटची रीत साऱ्या देशाला शिकवली आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. त्या ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतात. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक आहे. बाहेरचा माणूस तिथे काही 'राबवायला' येत नाही, आधी बसून ऐकतो.

एक अहवाल

आता जे सांगतो ते लिहावे की नाही, यावर आम्ही बराच विचार केला.

पावसाळ्यात भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर येतो आणि तालुक्याचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचे आहे. २०२३च्या पावसात आमच्या मुलीच्या यादीतल्या एका बाईला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. तिचे गाव नाल्यापलीकडे. आदल्या आठवड्यात तिला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या 'माहेरघरा'त आणून ठेवायचे ठरले होते. ही शासनाची चांगली योजना आहे, दूरच्या गावातल्या गरोदर बाईने तारखेआधी येऊन तिथे राहायचे. पण रोवणीचे दिवस होते, घरी दोन लहान मुले होती, आणि तिची सासू म्हणाली, चार दिवसांनी पाठवते. नाल्याला पाणी चढले. बाळ घरीच जन्मले, दीड किलोच्या आसपास. आशाताईने जमेल ते सर्व केले, छातीशी धरून ऊब दिली. तिसऱ्या दिवशी बाळ गेले. मुलगी पोहोचली ती पाचव्या दिवशी.

त्याच महिन्यात वरून निरोप आला की देणगीदारासाठी एक यशोगाथा पाठवा, फोटोसह. तिने दोन पाने लिहून पाठवली आणि त्यात हे बाळ लिहिले. फोटो नव्हता. वरिष्ठांचा फोन आला, "ही यशोगाथा नाही." ती म्हणाली, "नाही. पण या महिन्यात खरी घटना हीच आहे." त्या रात्री तिने आम्हाला फोन केला. नोकरी जाईल का, असे आम्हीच तिला विचारले. ती रडत होती, पण नोकरीसाठी नाही. तिला एकच सलत होते, चार दिवस का थांबलो?

नोकरी गेली नाही. अहवाल थोडा काटछाट होऊन गेला, बाळ मात्र त्यात राहिले. पुढच्या वर्षी जून उजाडण्याआधी तिने आणि आशाताईंनी वेगळीच यादी केली. जुलै-ऑगस्टमध्ये तारीख असलेली कोण, तिचे गाव नाल्याच्या कुठल्या बाजूला, तिच्या वाट्याची रोवणी कोण करील, आणि मागे राहिलेल्या मुलांना कोण सांभाळील. गरोदर बाई माहेरघरात का येत नाही याचे कारण दवाखान्यात नसते, तिच्या बांधीत आणि चुलीपाशी असते. तीन गावांत बायकांनी एकमेकींची रोवणी वाटून घेतली. त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

पैसा थांबला तेव्हा

मार्च २०२५मध्ये करार संपला आणि तो पुढे वाढला नाही. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकन सरकारने परदेशी मदत ९० दिवसांसाठी रोखली होती, नंतर त्यांची मदत संस्था 'यूएसएड' बंदच झाली. मुलीच्या संस्थेचा देणगीदार वेगळा होता. पण जगभर हात आवळले जात असताना एटापल्ली-भामरागडची फाईल कोण वर ठेवणार? एक दिवस बोलेरो परत गेली, घराच्या किल्ल्या मालकाला दिल्या, वजनकाटे आरोग्य केंद्रांना देऊन पोचपावत्या घेतल्या.

काय उरले? आशाताई उरल्या, कारण त्या शासनाच्या आणि गावच्याच. जूनची यादी उरली, यंदाही त्यांनी ती केली. पण प्रकल्पाच्या मानधनावर काम करणाऱ्या गावातल्या बायकांचे मानधन थांबले. त्यांना सांगायला मुलगी स्वतः गावोगाव गेली. एकीने विचारले, "तुमचे ऑफिस बंद, मग बाळे जन्मायची बंद होणार का?" याचे उत्तर तिच्याकडे नव्हते, आमच्याकडेही नाही.

ज्यांच्या घरी असे पत्र येईल त्यांच्यासाठी

आमच्या अनुभवातून काही गोष्टी.

१. करार किती वर्षांचा, पीएफ आहे का, अपघात आणि आरोग्य विमा आहे का, हे आधी लेखी विचारा. नाव आंतरराष्ट्रीय असले तरी नोकरी प्रकल्पापुरतीच असते.

२. मुलगी असेल तर राहण्याची सोय, रात्रीच्या प्रवासाचा नियम आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती यांची चौकशी करा. २०१३च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे ही समिती बंधनकारक आहे. विचारायला संकोच नको.

३. संस्था तिथे किती वर्षे आहे आणि गावातली किती माणसे तिच्याकडे नोकरीला आहेत, हे पाहा. सगळे बाहेरचे असतील तर सावध व्हा.

४. भाषा शिकायची तयारी नसेल तर जाऊ नये. सहा महिन्यांत माडिया-गोंडी येणार नाही, पण माणसांची विचारपूस करण्याइतके शब्द येतात.

५. पैशाची घाई असेल तर हे क्षेत्र नव्हे. पगार घर चालेल एवढा असतो. करार संपल्यावर काही महिने रिकामे जातात, तेवढी शिल्लक बाजूला ठेवा.

मुलगी सध्या घरी आहे. दिल्लीच्या मुख्य कार्यालयातून विचारणा झाली आहे, आणि जिल्ह्यातच कंत्राटी जागेसाठीही तिने अर्ज केला आहे. आम्ही सल्ला दिलेला नाही.

मागच्या महिन्यात ती त्या बायकांना भेटायला निघाली तेव्हा आमच्यापैकी एक तिच्यासोबत गेला, एसटीनेच. आलापल्लीनंतर गाडी बदलली. मग एका थांब्यावर दोघे उतरले आणि पायवाटेने आत गेले. वाटेत ज्यांच्या दारी बसलो त्यांनी पाणी दिले. एक म्हातारे गृहस्थ निरखून पाहत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही कंडक्टर होता ना? मी तुमच्या गाडीत बसायचो." तिकिटे फाडण्यात गेलेल्या त्या वर्षांत त्यांचा चेहरा आम्ही एकदाही नीट पाहिला नव्हता.